बहात्तरचे पाझर तलाव: नुसता गाळ काढून भागतं का?

सांडव्यावरचा: काल एकाने लिहिलंय, ‘आजोबांनी ७२च्या दुष्काळात श्रमदानातून पाझर तलाव बांधला, आता पोकलेन लावून गाळ काढला की गाव पाणीदार.’ कसलं श्रमदान? दुष्काळी काम होतं ते. आमची आजी पाटीने माती वाहायची, हजेरीपटावर अंगठा द्यायची आणि दुपारी सुकडी खायची. पोटासाठी केलेलं काम श्रमदान म्हणून मिरवू नका. आणि गाळ काढणं हा देखभालीतला फक्त फोटोपुरता भाग. जादा पाणी बाहेर जातं त्या सांडव्याची भिंत खचलीय, पिचिंगचे म्हणजे बांधाच्या उतारावर रचलेले दगड उचलून लोकांनी घरांच्या पायात घातलेत, भरावावर, म्हणजे मातीच्या बांधावर, बाभळी माजल्यात. त्याचं काय?

काळंरान: ते वाक्य माझंच. माझ्या मुरमाड तुकड्यात गाळ टाकला, तिथे आता हरभरा उभा आहे. तुमच्या आजीबद्दल आदर आहे, पण गाळ काढला की साठा वाढतो, साधं गणित आहे.

जुना_मिस्त्री: गणित अर्धंच. पाझर तलावात साठ्यापेक्षा पाणी जमिनीत मुरण्याला महत्त्व. तळाला चिकट गाळ बसला की पाणी मुरत नाही. तलाव भरलेला आणि खालच्या विहिरी कोरड्या. तेव्हा गाळ काढावा, इथवर काळंरान बरोबर, नाइलाजाने का होईना. पण गाळ संपल्यावरही मुरूम रस्त्याला विकता येतो म्हणून पोकलेन थांबत नाही. भरावाच्या पायथ्याशी खोदाल तर तलावच जाईल. बाभळी मात्र आधी काढा.

हिरवाकोपरा: आलेच कुऱ्हाडवाले! आमच्या तलावावर सुगरणींची घरटी लोंबतात त्याच बाभळींना. मुळं माती धरून ठेवतात हे शाळेत शिकवलं नव्हतं का?

जुना_मिस्त्री: शाळेनंतर आयुष्यभर मातीचे बांध घातलेत, बाई. माती धरायला भरावावर गवत पुरतं. मोठं झाड मेलं की मुळं कुजतात, आत पोकळ नळ्या राहतात. पाणी त्यातून वाट काढतं आणि जाताना माती घेऊन जातं. बाहेरून काही दिसतही नाही.

हिरवाकोपरा: वा! २०१९ला रत्नागिरीतलं तिवरे धरण फुटलं तेव्हा मंत्र्यांनी खेकड्यांना दोषी धरलं, तुम्ही बाभळींना धरा. माणूस सोडून सगळे गुन्हेगार.

जुना_मिस्त्री: तिवरे झाडांनी फुटलं असं मी कुठे म्हटलं? गळतीची तक्रार लोक आधीपासून करत होते, ती कुणी मनावर घेतली नाही. तेच तर सांगतोय.

झाडीपट्टी: तुमचं सगळं ७२ पासूनच सुरू होतं का? भंडारा-गोंदियाकडे या. आमचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळात बांधले. १९५०च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि ‘आता सरकार बघेल’ म्हणत गावाने हात झटकले. आमच्या पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, मोठाली झाडं आहेत, पाळ शाबूत आहे. बोला!

जुना_मिस्त्री: तुमची पाळ रुंद आणि पिढ्यान्‌पिढ्या दबलेली. आमचा भराव माणसांनी घाईत टाकलेला, कुठे कुठे नीट दाबलेलासुद्धा नाही. तुलना करून उपयोग नाही.

काळंरान: म्हणजे आजोबांचं काम कच्चं? बरं झालं सांगितलंत.

सांडव्यावरचा: आजोबांचं नाही हो, घाई करणाऱ्यांचं. जनावरं मरत होती, लोकांच्या हाताला काम द्यायचं होतं, तलाव त्या निमित्ताने झाला. म्हणून तर याला जास्त जपायला हवं.

हिरवाकोपरा: ठीक. भरावावरच्या तोडा, खूश? पण वरच्या पाणलोटात तेवढी झाडं लावा. वरचे डोंगर बोडके केलेत म्हणून गाळ येतो. आणि हो, परवानगी घेऊन तोडा, झाडं जिल्हा परिषदेची आहेत.

सांडव्यावरचा: घेऊ की. सांडव्याच्या दुरुस्तीला निधी नाही सांगणारं ऑफिस बाभळीच्या लिलावाला मात्र वेळेवर हजर राहील.