ग्लिबसी सोर्स फोल्डरमध्ये कॉन्फिगर होत नाही

सिडको_दुसरी_पाळी:
अंबडहून रात्री घरी आलो की जुन्या लॅपटॉपवर उबुंटूतून, एलएफएस (लिनक्स फ्रॉम स्क्रॅच) पुस्तकाप्रमाणे, लिनक्स सोर्सपासून बांधतोय. बायनयुटिल्स (असेंबलर, लिंकर) सोर्स फोल्डरमध्येच कॉन्फिगर केलं, चाललं. ग्लिबसी, म्हणजे सी लायब्ररी, मात्र 'वेगळी बिल्ड डिरेक्टरी करा' म्हणून थांबतं. त्यात काल वळवाच्या पावसात मेक चालू असताना लाइट गेली, बॅटरी मेलेली. आता सीडी केलं तर सोर्सेसचा फोल्डरच सापडत नाही म्हणतोय. सगळं रूट म्हणूनच करतोय. पुन्हा पहिल्यापासून करू का?

सातपूरकर:
पहिल्यापासून नको. आधी फोल्डर न सापडण्याचं बघ, ते जास्त गंभीर आहे. एलएफएस व्हेरिएबल (नव्या सिस्टिमच्या पार्टिशनचा पत्ता) तू हाताने एक्स्पोर्ट केलं असणार. नव्या शेलमध्ये ते रिकामं, म्हणून तो तुझ्या उबुंटूच्या मुळाशी सोर्सेस शोधतोय. इथेच अडलास हे फार बरं झालं. ग्लिबसीच्या मेक इन्स्टॉलला डेस्टडिर (कुठे बसवायचं तो पत्ता) रिकामं गेलं असतं, तर रूटने तुझ्या चालू सिस्टिमचीच सी लायब्ररी बदलली असती, मग एलएससारखी साधी कमांडसुद्धा चालली नसती. टूलचेनसाठी (कंपायलर, लिंकर वगैरे) वेगळा युजर कर, व्हेरिएबल त्याच्या बॅशआरसीत (शेल उघडताना वाचली जाणारी फाइल) लिही. पार्टिशन माउंट झालंय का तेही बघ.

आता ग्लिबसी. सोर्समध्ये शिरून एमकेडिर बिल्ड, सीडी बिल्ड, मग दोन टिंबं-स्लॅश-कॉन्फिगर. थेट सोर्स फोल्डरमध्ये बांधायला त्याची स्क्रिप्टच नकार देते. जीसीसी कंपायलरवालेही वेगळी डिरेक्टरीच सांगतात. मी पहिल्यांदा बांधलं तेव्हा जीसीसीचा दुसरा पास (दुसऱ्यांदा बांधणं) पहिल्याच्याच फोल्डरमध्ये केला. आधीच्या कॉन्फिगरची उत्तरं तिथेच पडलेली होती; तीन रात्री गेल्या. तेव्हापासून पॅकेज इन्स्टॉल झालं की सोर्स फोल्डर उडवतो, पुढच्या पासला टार (सोर्सची बांधलेली फाइल) पुन्हा सोडतो.

पंचवटी_पेंग्विन:
लाइट गेलेलं बिल्डही ठेवू नकोस. अर्धवट लिहिलेली, कधी शून्य बाइटची ऑब्जेक्ट फाइल राहते. मेक फक्त वेळ बघतो, तिला तयार समजतो आणि चूक लिंकिंगला, म्हणजे सगळे तुकडे जोडताना, बाहेर येते. बिल्ड वेगळं असलं की तेवढंच उडवता येतं.

सिडको_दुसरी_पाळी:
दादा, नवा युजर केला, बायनयुटिल्स आणि जीसीसी नव्याने, वेगळ्या बिल्डमध्ये. पहाटे साडेतीनला ग्लिबसी बसलं. छोटा सी प्रोग्राम कंपाइल करून रीडेल्फ कमांडने पाहिलं, इंटरप्रिटर (प्रोग्राम सुरू करणारा लोडर) म्हणून लिब६४ मधला एलडी-लिनक्सच दाखवतोय, म्हणजे हवं तसंच. इन्व्हर्टर रविवारी आणतो.