मदत हवी आहे: प्रिंटर वायफायला जोडलेला दिसतो, तरी लॅपटॉपवर कायम 'ऑफलाइन'

नमस्कार मंडळी,

घरच्या प्रिंटरने गेले तीन आठवडे अगदी हैराण केलंय. इथे जाणकार आहेत म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आम्ही कोथरूडला राहतो. प्रिंटर चार वर्षांपूर्वी घेतलेला, शाईच्या टाक्यांचा, छपाई-स्कॅन-झेरॉक्स तिन्ही करणारा. तो वापरतात मुख्यतः बाबा, वय ७४. निवृत्तीनंतर ते मोडी शिकले आणि आता दिवसाचे चार-पाच तास त्यातच असतात. जुन्या कागदांचे स्कॅन मोठे करून ए-४ वर छापायचे आणि पेन्सिल घेऊन बसायचं. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, ओळभर आडवी रेघ आधी ओढलेली असते आणि अक्षरं तिच्याखाली एकमेकांत गुंतत जातात. त्यामुळे बाबा जिथे शब्द संपला असं वाटतं तिथे उभी रेघ मारतात, खाली बाळबोधीत अक्षर लिहितात, चुकलं की खोडतात. हे स्क्रीनवर जमत नाही. मी टॅब देऊन पाहिला, तासाभरात त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सध्या पेनड्राइव्ह घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जातात. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि त्यांचा गुडघा दुखतो. ते तक्रार करत नाहीत, पण जिना उतरताना मला बघवत नाही.

आता अडचण. गेल्या महिन्यात इंटरनेट बदललं, त्याबरोबर राउटरही नवीन आला. मी प्रिंटरला नवं वायफाय आणि पासवर्ड दिला. निळा दिवा स्थिर आहे, म्हणजे जोडला गेलाय. माझ्या फोनवरून छपाई होते. पण बाबांच्या लॅपटॉपवर (विंडोज ११) प्रिंटरच्या नावाखाली 'ऑफलाइन'. छापायला दिलेलं सगळं रांगेत अडकून राहतं. मी प्रिंटर काढून पुन्हा जोडला, दोन दिवस छान चालला आणि मग परत तेच. यूएसबी केबल लावली की लगेच छापतो.

एक दुरुस्तीवाले येऊन गेले. त्यांनी वायफायचा भाग गेलाय, बदलायला ३,५०० रुपये पडतील असं सांगितलं. फोनवरून छपाई होत असताना तो भाग गेला कसा, हे मला पटत नाहीये. पैसे देण्याआधी तुम्हाला विचारतेय.

प्रतिसाद १

ताई, तुमची शंका बरोबर आहे. फोनवरून छापतोय म्हणजे वायफायचा भाग ठणठणीत आहे. ३,५०० अजिबात देऊ नका.

'चार वर्षं जुना प्रिंटर, नवा राउटर' हे वाचून माझ्या मनात पहिल्यांदा वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याची गोष्ट आली (दुसरा पट्टा ५ चा). घरगुती प्रिंटर बरेचदा फक्त २.४ वर चालतात आणि नवे राउटर २.४ आणि ५ एकाच नावाखाली देतात. राउटरवर सुरक्षेसाठी फक्त डब्ल्यूपीए३ लावलेलं असेल तरी जुने प्रिंटर आत येत नाहीत. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही वायफायना वेगळी नावं देऊन बघा.

प्रतिसाद २

वरच्यांशी थोडा असहमत. ते कारण असतं तर प्रिंटर वायफायला लागलाच नसता आणि फोनलाही सापडला नसता. इथे तो घरात आलेला आहे. लॅपटॉप ५ वर आणि प्रिंटर २.४ वर असला तरी राउटर दोघांना एकाच जाळ्यात ठेवतो, त्याने छपाई अडत नाही. अपवाद गेस्ट वायफायचा. लॅपटॉप चुकून गेस्टवर असेल तर सहसा त्याला घरातली बाकी उपकरणं दिसत नाहीत. तेवढं एकदा बघून घ्या.

मला संशय पत्त्याचा आहे. राउटर प्रत्येक उपकरणाला एक आयपी पत्ता देतो. विंडोजमध्ये प्रिंटर जोडताना बरेचदा त्या वेळचा पत्ता पोर्टमध्ये (छपाई कुठे पाठवायची त्या नोंदीत) लिहिला जातो. पुढे पत्ता बदलला तरी लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर विचारत राहतो, उत्तर येत नाही, आणि तो 'ऑफलाइन' म्हणून मोकळा होतो. फोन तसं करत नाही. तो बहुतेक दर वेळी नव्याने हाक मारून घरात प्रिंटर कोण आहे ते विचारतो, म्हणून त्याला सापडतो.

तीन गोष्टी कळवा. प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कची माहिती छापा आणि त्यावर आयपी पत्ता काय आहे ते बघा. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, मग गोष्ट वेगळी. नंतर लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून पिंग लिहा, एक जागा सोडा, पुढे तो पत्ता टाका आणि उत्तर येतं का पाहा. शेवटी प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स या भागात कोणत्या ओळीसमोर खूण आहे आणि तिथे कोणता पत्ता लिहिलाय ते सांगा.

प्रतिसाद ३

एवढा खटाटोप कशाला? यूएसबी केबलने चालतोय ना, मग केबल लावून टाका. वायफायचा प्रिंटर म्हणजे कायमची कटकट, स्वानुभव आहे.

धागाकर्ती

प्रतिसाद ३, केबलचा विचार केला होता. पण प्रिंटर बाबांच्या खोलीत कपाटाशेजारी आहे आणि लॅपटॉप हॉलमधल्या टेबलावर, कारण दुपारी उजेड तिथेच चांगला येतो. मधलं अंतर आठ मीटर तरी आहे आणि यूएसबी २ ची साधी केबल पाच मीटरपर्यंतच धरायची असं वाचलंय. शिवाय पायात येणारी केबल मला घरात नकोच आहे.

प्रतिसाद २, तुम्ही सांगितलेलं सगळं केलं. लॅपटॉप गेस्टवर नाही. छापलेल्या कागदावर पत्ता आहे १९२.१६८.१.९. पिंग केल्यावर चारही वेळा उत्तर आलं. पण प्रिंटरच्या यादीत एकच प्रिंटर दोनदा दिसतोय, दुसऱ्याच्या नावापुढे 'कॉपी १' आहे. पहिल्याच्या पोर्टमध्ये १९२.१६८.०.१०५ लिहिलंय आणि 'कॉपी १' मध्ये १९२.१६८.१.७. बाबा कायम पहिल्यालाच छापायला देतात, कारण तोच डिफॉल्ट आहे. हे बघून मला उलगडायला लागलंय, पण .७ चं .९ कधी झालं?

प्रतिसाद २

सापडलं! १९२.१६८.० ने सुरू होणारा पत्ता तुमच्या जुन्या राउटरच्या काळातला. तो राउटरच आता घरात नाही, म्हणजे पहिली नोंद नवा राउटर आला त्या दिवसापासून निकामी आहे. 'कॉपी १' ही तुम्ही पुन्हा जोडला तेव्हाची नोंद. ती दोन दिवस चालली, कारण दोन दिवस प्रिंटर .७ वरच होता.

.७ चं .९ झालं ते बहुधा लाईट गेल्यामुळे. राउटर हे पत्ते कायमचे देत नाही, ठराविक मुदतीपुरते देतो. बंद-चालू झाल्यावर बऱ्याच घरगुती राउटरांना आधीचं वाटप आठवत नाही. मग टीव्ही, फोन, प्रिंटर पुन्हा पत्ता मागतात आणि ज्याला जो मिळेल तो मिळतो. मधल्या काळात तुमच्याकडे लाईट गेली होती का?

धागाकर्ती

गेली होती! गुरुवारी सकाळी, जवळजवळ तीन तास. आमच्याकडे दुरुस्तीची कामं गुरुवारीच निघतात. आणि मी प्रिंटर जोडला होता मंगळवारी. बाबा म्हणतच होते की गुरुवारनंतर बिघडतं, मी लक्ष दिलं नाही. आज त्यांना जाऊन सांगितलं की तुमचं निरीक्षण बरोबर होतं.

आता कायमचं काय करू?

प्रतिसाद २

बाबांना माझा नमस्कार सांगा, निम्मं निदान त्यांनीच केलंय.

आधी राउटरवर प्रिंटरचा पत्ता राखून ठेवा. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका, तुमच्याकडे बहुधा १९२.१६८.१.१ असेल. आत जायचं नाव आणि पासवर्ड बहुतेक राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो. तिथे डीएचसीपीच्या (पत्ते वाटण्याच्या) सेटिंगमध्ये 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' किंवा तसंच काहीतरी असतं. मघाशी छापलेल्या कागदावर मॅक ॲड्रेस म्हणून बारा अक्षर-आकडे दिसतील, दोन-दोनच्या जोड्यांत. तो तिथे भरा आणि समोर .९ लिहा. मॅक पत्ता त्या यंत्राचा स्वतःचा, तो लाईट गेली म्हणून बदलत नाही. त्यावरून राउटर प्रिंटरला ओळखेल आणि दर वेळी .९ च देईल. प्रिंटरच्या मेनूतूनही पत्ता कायम करता येतो, पण मी राउटरवरच करतो. सगळं एका जागी दिसतं आणि तोच पत्ता दुसऱ्या कुणाला जात नाही.

मग लॅपटॉपवरच्या दोन्ही नोंदी काढून टाका. रांगेत अडकलेली कामं आधी रद्द करा. ती जात नसतील तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्राम) थांबवा, सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फायली पुसा (फोल्डर नाही, फक्त आतल्या फायली) आणि स्पूलर पुन्हा सुरू करा. त्यानंतर प्रिंटर जोडताना तो आपोआप सापडू देऊ नका, आयपी पत्त्याने जोडण्याचा पर्याय निवडा आणि .९ टाका.

एवढं करूनही छपाई होते पण 'ऑफलाइन' दिसतं असं झालं, तर पोर्टच्या सेटिंगमध्ये 'एसएनएमपी स्टेटस' (प्रिंटर चालू आहे का ही चौकशी) पुढची खूण काढा. कधीकधी प्रिंटर जागा असतो, फक्त त्या चौकशीला उत्तर देत नाही.

प्रतिसाद १

माझा अंदाज चुकला, पण धागा वाचून फायदा झाला. ऑफिसात आमचाही प्रिंटर असाच अधूनमधून रुसतो, उद्या तिथे पोर्ट बघतो.

धागाकर्ती

तीन आठवड्यांनी परत येतेय, उशिराबद्दल माफ करा. त्याच रविवारी सगळं केलं. रांगेतली कामं निघेनात, त्यात २६ कामं अडकलेली होती, म्हणून स्पूलरचा उपाय करावा लागला. एसएनएमपीची गरज पडली नाही. तेव्हापासून तीन गुरुवार गेले, त्यातल्या दोन गुरुवारी लाईट गेली, आणि दोन्ही वेळा लाईट आल्यावर मी बाजूला उभी राहून बाबांना एक पान छापायला लावलं. दोन्ही वेळा छापलं.

फक्त लॅपटॉपवरून स्कॅन होत नाहीये, 'स्कॅनर सापडत नाही' म्हणतो. त्याचं वेगळं काही करावं लागतं का?

प्रतिसाद २

वा! हो, स्कॅनरची नोंद बरेचदा छपाईपेक्षा वेगळी असते. प्रिंटरच्या कंपनीचं स्कॅनचं सॉफ्टवेअर उघडा. त्याच्या सेटिंगमध्ये अजून जुना पत्ता असेल, तो काढून .९ घाला.

धागाकर्ती

झालं. तिथेही १९२.१६८.०.१०५ च होता. बाबांनी लगेच त्यांच्या पेन्सिलच्या खुणांसकट एक पान स्कॅन करून त्यांच्या मोडीच्या सरांना पाठवलं. तिसऱ्या ओळीतला एक शब्द दोन महिने अडला होता, त्याबद्दल विचारलंय. आता उत्तराची वाट बघत बसलेत.