जुनी सोलर पॅनेल परत घ्यायची योजना: सगळ्यांनी मिळून की ज्याची त्याने?

उन्हाळी
पॅनेल बनवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेत काम करतो. आयुष्य संपलेली पॅनेल गोळा करून रिसायकल करायची जबाबदारी सभासदांवर येणार, आणि योजनेचा मसुदा माझ्या गळ्यात पडलाय. मोठे म्हणतात, ज्याने त्याने आपापलं बघावं. छोट्यांना सामाईक संस्था हवी, किलोमागे पैसे भरले की सुटलो. फी विकताना घ्यायची की पॅनेल परत आल्यावर, यावर बैठक दोनदा मोडली. असलं काम जवळून पाहिलेल्यांनी सांगा.

जुनाबाजार
एकत्रच करा. पॅनेल पंचवीस-तीस वर्षं चालतं, कंपनी तेवढी चालेलच असं नाही. बुडालेल्याची पॅनेल कोण उचलणार? युरोपात विजेच्या घरगुती उपकरणांबाबत १३ ऑगस्ट २००५ पूर्वी विकलेला माल असाच वाटून टाकला: तो कचऱ्यात येईल तेव्हा जे उत्पादक धंद्यात असतील, त्यांनी आपापल्या बाजारहिश्शाप्रमाणे खर्च सोसायचा.

खतावणी
फीसाठी जपानकडे बघा, तिथे दोन्ही प्रकार आहेत. टीव्ही, फ्रिज, एसी, वॉशिंग मशीन यांना २००१ पासून टाकून देताना ग्राहकाने पैसे भरायचे. मग काहीजण ते चुकवायला वस्तू कुठेतरी आडबाजूला टाकून मोकळे होतात. गाड्यांना २००५ पासून उलटं केलं. फी नवी गाडी घेतानाच, आणि पैसा कंपनीकडे नाही, वेगळ्या निधी संस्थेकडे. तुम्ही हेच धरा. कंपनीच्या खात्यात ठेवलेला पैसा दिवाळं निघालं की देणेकऱ्यांच्या घशात जातो.

उन्हाळी
आज घेतलेली फी तीस वर्षांनी पुरेल का, हा पुढचा प्रश्न तयारच आहे.

खतावणी
आजचा आकडा तीस वर्षांसाठी कोरून ठेवलात तर नाही पुरणार. दर दोन-तीन वर्षांनी फी बदलायची मुभा ठेवा, आणि तूट पडली तर त्या वेळी विकणाऱ्यांनी भरायची हे आत्ताच लिहून घ्या. नंतर कुणी सही करत नाही.

चौकटकापे
फीवर भांडताय, पण 'रिसायकल झालं' कशाला म्हणणार ते ठरलंय का? पाणी तिथे मुरतं. आमच्या टेबलावर पॅनेल येतं, केबल कापतो, मागचा डबा उचकटतो, ॲल्युमिनियमची चौकट काढतो. इथपर्यंत सोपं. उरते ती काच, सेल आणि मागचा प्लास्टिकचा पडदा यांची ईव्हीए नावाच्या चिकट प्लास्टिकने जोडलेली एकसंध लादी. ती सोलणं जिवावर येतं, म्हणून सरळ चुरा करतात आणि हलक्या कामाची भर म्हणून विकतात. निव्वळ काचच वजनाच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास भरते. चौकट धरली की युरोपातलं वजनाचं ८० टक्क्यांचं लक्ष्य पार! चांदी हजारात एक भागसुद्धा नसते. ती चुऱ्यात गेली तरी कागदावर शाबासकी. चांदी आणि सिलिकॉनचा हिशेब वेगळा मागा. ज्याची लादी सहज सुटते त्याला फी कमी ठेवा, मग डिझाइनवाले आपोआप जागे होतील.

जुनाबाजार
डिझाइनप्रमाणे फी, सहमत. पण चांदीचं लक्ष्य पहिल्या दिवसापासून नको. लादी सोलणारी यंत्रं पुरेशी नसताना आकडा लादला तर खोटे दाखले तेवढे छापले जातील. आणि फुकट्यांचं बघा. नोंदणी न करता बाहेरून माल आणून ऑनलाइन विकणाऱ्यांचा भार बाकीच्यांवर पडतो. नोंदणी क्रमांकाशिवाय विक्रीच नको.

चौकटकापे
एक राहिलं. भंगारवाले चौकट आणि केबल काढून घेतात, कारण पैसा त्यातच आहे, आणि शिसं लागलेली लादी देतात फेकून. म्हणून गोळा करणाऱ्याला अख्ख्या पॅनेलचेच पूर्ण पैसे द्या, चौकट नसेल तर कापा.

उन्हाळी
हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, मसुद्यात घालतो. पण वादळात फुटलेल्यांचं काय?

चौकटकापे
काच फुटलेली चालते हो. चौकट जागेवर हवी, आणि टेम्पोत आडवी रचून वर माणसं बसवून आणू नका.