विषय: आउटबोर्डच्या पाण्याची धार बारीक झाली आहे

नमस्कार मंडळी,
आमच्या बोटीच्या आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या) इंजिनाच्या बाजूने थंड करणाऱ्या पाण्याची जी धार पडते, ती यंदा बारीक झाली आहे. वेग वाढवला की इंजिन तापल्याचा अलार्म वाजतो. बोट समुद्रातच असते. ह्यांचं म्हणणं, इम्पेलर (पाणी वर ढकलणाऱ्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक) बदलू, घरीच जमेल. ज्यांनी हे काम केलं आहे त्यांनी कृपया सांगावं, खोलण्याआधी काय बघायचं?

---

ताई, अलार्म वाजतोय तोवर इंजिन चालवू नका, अगदी धक्क्यापर्यंतसुद्धा नाही.

आधी सोपं बघा. धार जिथून पडते त्या भोकात मिठाचा खडा किंवा चिखल अडकतो. बारीक नायलॉनची दोरी घालून मोकळं करा. खाली पाणी आत घेणाऱ्या जाळीवर प्लॅस्टिक, शेवाळ आहे का तेही पाहा. तरी धार सुधारली नाही तर इम्पेलरच.

काम अवघड नाही, पण घाईचं नाही. किल-स्विचची (इंजिन झटकन बंद करणाऱ्या बटणाची) क्लिप काढा, स्पार्क प्लगच्या वायरी सोडवा, मगच हात घाला. लोअर युनिट (गिअर, प्रॉपेलर आणि पंप असलेला खालचा भाग) खाली उतरवताना गिअरचा दांडा कसा सुटतो हे प्रत्येक इंजिनात वेगळं असतं. तेवढ्यासाठी तुमच्याच मॉडेलचं मॅन्युअल समोर हवं. शाफ्टवर (पंप फिरवणाऱ्या उभ्या दांड्यावर) इम्पेलर पक्का धरणारी छोटी धातूची चावी, म्हणजे खुंटी, पडून हरवते, खाली कापड अंथरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या इम्पेलरची पाती मोजा. एखादं तुटलेलं असेल तर तो तुकडा सापडेपर्यंत नवा बसवू नका. तो पाण्याबरोबर वर चढतो आणि थर्मोस्टॅटपाशी (इंजिनाचं तापमान राखणाऱ्या झडपेपाशी) किंवा मधल्या बारीक वाटेत अडकतो. मग नव्या इम्पेलरनेही इंजिन तापतं आणि माणूस उगाच नव्या पार्टला दोष देतो.

---

> जुन्या इम्पेलरची पाती मोजा.

काका, मोजली. दोन नाहीत! एक पंपाच्या घरातच (कवचात) मिळालं, दुसरं थर्मोस्टॅटचं झाकण उघडल्यावर. बरं झालं तुम्ही लिहिलंत, आम्ही तिकडे पाहिलंच नसतं. नवं बसवताना पाती कुठल्या बाजूला वळवायची?

---

शाफ्ट ज्या दिशेला फिरतो त्याच्या उलट बाजूला पातीची टोकं झुकलेली हवीत. बहुतेक इंजिनांत शाफ्ट वरून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. पात्यांना साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन लावा, साधं ग्रीस रबराला चालत नाही. मग पंपाचं घर हलकं दाबत शाफ्ट त्याच दिशेला फिरवा, पाती आपसूक वळतात. आतल्या स्टीलच्या वाटीला खोल चरे पडले असतील तर तीही बदला, नाहीतर दाब पुरेसा येत नाही. गॅस्केट नवीच. युनिट वर चढवताना पाण्याची नळी आपल्या रबरी कडीत नीट शिरली का, हे टॉर्च लावून बघा.

---

मंडळी, मधेच बोलतो. युनिट खाली आहेच तर ताई, गिअर ऑइलही पाहून घ्या. दुधाळ निघालं तर आत पाणी शिरतंय. नुसतं तेल बदलून भागणार नाही, खराब झालेलं सील (पाणी अडवणारं रबरी कडं) शोधावं लागेल. प्रॉपेलर काढून मागे मासेमारीची दोरी गुंडाळली आहे का बघा, ती सील कापते. नवं तेल खालच्या भोकातून भरायचं, वरून बाहेर येईपर्यंत, म्हणजे हवा अडकत नाही. आधी वरचा स्क्रू लावा, मग खालचा. दोन्हींचे वॉशर नवे.

गंज स्वतःवर घेणारे जस्ताचे अ‍ॅनोड निम्मे झिजले असतील तर तेही बदला, आणि त्यांवर रंग लावू नका, रंगाखाली ते काम करत नाहीत.

---

काका, दादा, तेल स्वच्छ निघालं. पाणी आत घेणाऱ्या जाळीवर बसतात त्या रबरी कपांना पाण्याची नळी जोडून इंजिन चालू केलं, धार पहिल्यासारखी जोरात आहे. आता एक विचारायचं राहिलं: मोसम संपल्यावर इंजिन आडवं ठेवलं तर चालेल का?

---

नाही ताई, उभंच ठेवा. आधी गोड्या पाण्याने धुऊन सगळं पाणी निथळू द्या. आत राहिलेलं पाणी थंडीत गोठलं तर इंजिनाचं कवच तडकतं.