मास्टर पॉइंट कधीच कमी होत नाहीत!

पत्त्यांच्या ब्रिजमध्ये महिनाभर हरूनही मास्टर पॉइंट (जिंकल्यावर मिळणारे गुण) तेवढेच कसे आणि ऑनलाइन पैसे भरून खेळावं का, असं तुम्ही विचारलंय. बुद्धिबळाचं रेटिंग हरलं की उतरतं, ब्रिजचे मास्टर पॉइंट मात्र फक्त साठत जातात. त्यामुळे हजार पॉइंटवाला तुमच्यापेक्षा भारी असेलच असं नाही, तो जास्त वर्षं खेळला असेल.

ब्रिज बेस ऑनलाइन या ब्रिज खेळायच्या वेबसाइटवर फी डॉलरमध्ये जाते. तिथले स्वतःचे पॉइंट वेगळे आणि अमेरिकन ब्रिज संघटनेचे वेगळे. संघटनेचे पॉइंट देणारे डाव महाग पडतात. आपण कोल्हापुरात बसून अमेरिकेतली लाइफ मास्टर ही पॉइंट साठवून मिळणारी पदवी मिळवणार नसू, तर त्याला पैसे कशाला घालायचे?

रोबोटवाल्या टूर्नामेंटला मात्र मी आनंदाने पैसे भरतो. बाकी तिन्ही खुर्च्यांवर रोबोट, म्हणजे कॉम्प्युटर खेळाडू असतात आणि सगळ्या स्पर्धकांना तीच पानं. काल रात्री राजारामपुरीतल्या घरी जेवणं उरकून बसलो. माझी आणि भिडूची मिळून इस्पिकची आठ पानं जुळत होती, मी चार इस्पिक (इस्पिक हुकूम धरून दहा हात) बोललो, दहा हात केले, ४२० मिळाले. खूश होतो. निकाल पाहिला तर बरेच जण तीन नोट्रम्प (हुकमाशिवाय नऊ हात) बोलून तेवढेच दहा हात करून ४३० घेऊन गेलेले! मॅचपॉइंट पद्धतीत इतरांपेक्षा गुण जास्त की कमी एवढंच मोजतात, म्हणून त्या दहा गुणांनी अख्खा डाव गेला; आयएमपी पद्धतीत फरक किती मोठा ते बघतात, तिथे काहीच बिघडलं नसतं.

तुम्ही आधी फुकटच्या टेबलांवर भिडूबरोबर बोली पक्की करा. फी भरायची तर मॅचपॉइंटवालीच भरा आणि डाव संपल्यावर इतर टेबलांवर काय झालं ते एकेक पान उघडून बघा.