मदत हवी आहे: छोट्या डंपिंग ट्रॉलीत खडी किती भरावी आणि उतारावरून कशी न्यावी?

नर्सरीवाली_शिळ

नमस्कार मंडळी,

शिळफाट्याजवळ उत्तरशिवच्या बाजूला आमची छोटी नर्सरी आहे. पावसाळ्यात कुंड्यांच्या रांगांमधून फिरताना पाय चिखलात रुततो, गिऱ्हाईक बाहेरूनच परत जातं. म्हणून यंदा वाटांवर आणि शेडखाली खडी टाकायची ठरली आहे. साधारण चार ब्रास लागेल. पण डंपर आमच्या गल्लीत वळत नाही. डेपोवाला मोठ्या रस्त्यालगत ढीग ओतून देणार, तिथून आत आणायची जबाबदारी आमची. अंतर अर्धा किलोमीटरसुद्धा नाही, पण मधला तुकडा चांगलाच उताराचा आहे. उतार संपतो तिथेच काटकोनात वळण आणि वळणाला लागून नाला.

घरात २४ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आहे, पुस्तकात वजन ८५० किलो लिहिलंय. त्याच्यामागे लावायला जुनी हायड्रोलिक ट्रॉली घेतली आहे. दोन चाकी, हौदा आतून ६ फूट बाय ४ फूट, फाळके (बाजूच्या फळ्या) दीड फूट उंच. पाटीवर क्षमता १ टन. रिकामी ट्रॉली ४०० किलो भरेल असं विकणारा म्हणाला. ट्रॉलीला ब्रेक नाहीत. आतापर्यंत तिच्यातून शेणखत आणि कोकोपीटच्या गोण्या आणल्यात, खडी कधी नाही.

दीर म्हणतात, "वहिनी, ट्रॅक्टर आहे तो, बैल नव्हे, काठोकाठ भरा." सासरे म्हणतात अर्ध्याच्या वर जाऊ नका. कारण विचारलं की दोघेही आपापला अनुभव सांगतात! मला हिशोब हवाय. किती भरायची, पुढे जास्त की मागे जास्त, उतारावर काय सांभाळायचं, आणि आत नेल्यावर हौदा उचलताना कुठे फसतं, हे कोणी नीट सांगेल का? ट्रॅक्टर दीरच चालवणार आहेत.

कोपरखैरण्याचा_पक्या

एवढा खटाटोप कशाला? छोटा हत्ती भाड्याने घ्या, चार पोरं लावा, विषय संपला.

नर्सरीवाली_शिळ

विचारून झालं. टेम्पोवाला उतार आणि वळण बघून म्हणाला, रिव्हर्समध्ये भरलेली गाडी इथून काढणार नाही. आणि त्यातली खडी घमेल्याने उतरवायची म्हणजे मजुरी दुप्पट.

डेपोवरचा_मुनीम

ताई, वजनाचं मी सांगतो, रोजचं काम आहे.

ब्रास म्हणजे १०० घनफूट. आपल्याकडच्या काळ्या दगडाची खडी ब्रासला सव्वाचार ते साडेचार टन भरते. तुमचा हौदा ६ × ४ × १.५ म्हणजे ३६ घनफूट. काठाबरोबर सपाट भरलात तरी दीड टनाच्या वर गेलात, आणि वर शीग आली की विचारूच नका. पाटी १ टनाची आहे. शेणखत हलकं असतं, त्याच हौद्यात काठोकाठ भरलं तरी चालून जातं. खडीला तो हौदा मोठा पडतो.

आतल्या बाजूने चारही फाळक्यांवर तळापासून ११ इंचांवर ऑइलपेंटची रेघ मारा. तिथपर्यंत सपाट भरलेली खडी टनाच्या आतबाहेर येते. क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) किंवा ग्रिट (बारीक कच) आणणार असाल तर रेघ १० इंचांवर, ओली असेल तर त्याहून खाली.

जेसीबीने भरणार असाल तर आधीच बोलून ठेवा. पुढच्या बकेटमध्ये एक घनमीटरच्या वर माल मावतो, म्हणजे एकच भरलेली बकेट तुमच्या ट्रॉलीला दीडपट. ऑपरेटर घाईत असतो, तो एका दमात ओतून मोकळा होईल आणि टायर नाहीतर दांडी (ट्रॉली ट्रॅक्टरला जोडायचा पुढचा दांडा) जाईल. अर्ध्याहून कमी बकेट घ्यायला लावा, बकेट खाली आणून हळू सोडायला सांगा. आणि भरताना ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेलीच हवी. सुटी उभी करून मागच्या बाजूला माल पडला की दांडी झटक्यात वर उडते, समोर उभ्या माणसाच्या हनुवटीवर.

पनवेलकर_७२

मागे थोडं जास्त भरावं, ट्रॅक्टरला ओढायला हलकं जातं. आम्ही तसंच करतो.

मुरबाडचा_ट्रॅक्टर

पनवेलकर काका, माफ करा, पण हे उलटं आहे. मागे वजन गेलं की दांडी ट्रॅक्टरचं ढुंगण वर उचलते. मागच्या चाकांची पकड त्या वजनावर असते, ती गेली की उतारावर ब्रेक मारला तरी चाक घसरत जाणार. रस्त्यावर वेगात असेल तर ट्रॉली शेपटी हलवायला लागते. खडी चाकांच्या आसाच्या किंचित पुढे जड राहिली पाहिजे. बहुतेक ट्रॉल्यांचा आस मुळातच मधल्या रेषेच्या मागे बसवलेला असतो, त्यामुळे सपाट पसरलं तरी थोडा भार दांडीवर येतो. मात्र सगळा ढीग पुढच्या फाळक्याला टेकवू नका, मिनी ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होऊन स्टेअरिंग ऐकत नाही.

आता ताईंच्या मुद्द्यावर. मुनीमजींनी ट्रॉली किती सोसते ते सांगितलं. तुमचा खरा प्रश्न ट्रॅक्टर किती थांबवू शकतो हा आहे. ओढायची ताकद आणि आवरायची ताकद वेगळी. ट्रॉलीला ब्रेक नाहीत, म्हणजे उतारावर सगळा भार ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी धरायचा. आमच्याकडचा साधा नियम असा: बिनब्रेकची ट्रॉली मालासकट ट्रॅक्टरपेक्षा जड असेल तर तीव्र उतारावर न्यायची नाही. सपाटीवर थोडं इकडेतिकडे चालतं, उतारावर नाही.

तुमचा ट्रॅक्टर ८५०, ट्रॉली ४००. उरले ४५० किलो. म्हणजे हौद्यात जेमतेम ५ इंच खडी. तुमचे सासरे बरोबर आहेत, उलट त्यांनीही जास्तच सांगितलंय.

उतार किती आहे ते आधी मोजा. गवंड्याकडची लेव्हलची पाण्याची नळी घ्या, १० फुटांत किती इंच खाली जातो ते बघा आणि इथे टाका.

नर्सरीवाली_शिळ

मोजला. सगळ्यात तीव्र ठिकाणी १० फुटांत १४ इंच. बाकी ठिकाणी ८-९.

आणि दादा, ५ इंच म्हणजे खेपेला ब्रासचा दहावा भाग. चार ब्रासला चाळीस खेपा! दीर हे वाचून चहा अर्धवट टाकून उठले.

मुरबाडचा_ट्रॅक्टर

१४ इंच म्हणजे साडेआठास एक. हा घाट आहे, गल्ली नव्हे. खाली नाला असताना मी ८५० किलोच्या ट्रॅक्टरमागे टनभर खडी लावणार नाही.

दीरांना सांगा, चहा प्या, दुसरा मार्ग आहे. ट्रॉली तीच ठेवा, ट्रॅक्टर बदला. शेजारीपाजारी कोणाचा ४५-५० एचपीचा ट्रॅक्टर असेल तर दिवसभर भाड्याने घ्या. तो दोन टनांच्या आसपास असतो. तुमची ट्रॉली रेघेपर्यंत भरून १४०० किलो झाली तरी ट्रॅक्टर तिच्यापेक्षा जड राहतो. खेपा निम्म्याहून खाली येतील. रुंदी मात्र आधी बघा, त्याला सहा-साडेसहा फूट तरी लागते, वळणावर आणखी.

चालवताना सांभाळायचं ते असं. ट्रॅक्टरला उजव्या-डाव्या ब्रेकची वेगळी पेडलं असतात, शेतात वळायला. त्यांना जोडणारी पट्टी रस्त्यावर येण्याआधी अडकवलीच पाहिजे. ती सुटी असताना भरल्या ट्रॉलीसकट एकाच पेडलवर पाय पडला की ट्रॅक्टर एका बाजूला फिरतो आणि मागून ट्रॉली ढकलत आडवी येते. उलटलेल्या ट्रॅक्टरांत हे कारण मी जास्त पाहिलंय. उतार सुरू होण्यापूर्वी थांबून पहिला किंवा दुसरा लो गिअर टाकायचा, तोच शेवटपर्यंत. मध्ये क्लच दाबायचा नाही, न्यूट्रल तर नाहीच. इंजिन धरून ठेवतं तेवढं ब्रेक धरत नाहीत. वळणावर ब्रेक मारायचा नाही, वेग वळणाच्या आधीच मेलेला पाहिजे.

जोडणी खालच्या हुकातच. वरच्या लिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) ब्रॅकेटला कधीही नाही, तिथून ओढलं की पुढची चाकं उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे पलटतो. पिन भोकाला बसणारी, ढिली नको, खालून लॉकची क्लिप हवी. तिथे खिळा वाकवून घालणारे महाभाग आहेत! शिवाय दांडीपासून ट्रॅक्टरच्या चेसीपर्यंत साखळी. पिन तुटली तर ट्रॉली नाल्यात एकटी जात नाही, साखळीवर लटकते. ट्रॉलीत किंवा दांडीवर कोणीही बसायचं नाही, पोरं तर नाहीच.

महापे_काटा

विकणाऱ्याच्या ४०० किलोवर विश्वास ठेवू नका. जुन्या ट्रॉलीला पट्ट्या जोडून जोडून वजन वाढलेलं असतं. महापे एमआयडीसीत नाहीतर कल्याण-शीळ रोडला जो वजनकाटा जवळ असेल तिथे एकदा न्या. रिकामी ट्रॉली सुटी करून जॅकवर उभी करा, काट्यावर वजन घ्या. मग रेघेपर्यंत भरून पुन्हा तसंच. शेवटी ट्रॅक्टरला जोडा आणि ट्रॉलीची चाकंच काट्यावर ठेवा, ट्रॅक्टर बाहेर. सुट्या भरल्या ट्रॉलीच्या वजनातून हा आकडा वजा केला की दांडीवर किती भार येतो ते कळतं. वजाबाकीचं उत्तर शून्याजवळ आलं तर माल मागे गेलाय. एका पावतीच्या पैशात सगळा वाद मिटतो, घरातलासुद्धा.

घोडबंदरकर

कागदांचं कोणी बोललं नाही म्हणून. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, विमाही बघून घ्या. नोंद शेतीकामाची असेल आणि बांधकामाच्या मालासकट काही घडलं तर विमा कंपनी वापराचा मुद्दा काढते. जादा वजनाला मोटार वाहन कायद्याच्या १९४ कलमाखाली २० हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, शिवाय जादा माल तिथेच उतरवायला लावतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे आकडे आहेत हे.

डंपरवाल्याकडून वाहतूक पासची प्रत मागून घ्या, महाखनिज या सरकारी पोर्टलवरून निघालेली. रस्त्यालगत चार ब्रासचा ढीग दिसला की तलाठी विचारणारच.

नर्सरीवाली_शिळ

पासचं डोक्यातच नव्हतं, धन्यवाद. ढिगाचं काय करायचं? रस्ता तसा वाहता आहे, संध्याकाळी उरणकडून भिवंडीला जाणारे कंटेनर फाट्यावर तुंबले की दुचाक्या आमच्या बाजूनेच घुसतात.

डेपोवरचा_मुनीम

चार ब्रास एकदम टाकून घेऊ नका. दोन-दोन करून मागवा, डंपर सकाळी लवकर, ढीग डांबराच्या बाहेर. भोवती गोण्या लावा. रात्रीसाठी लाल दिवा किंवा निदान रिफ्लेक्टरची पट्टी. सुटी खडी डांबरावर पसरली की दुचाकी आडवी होते, म्हणून संध्याकाळी झाडू मारायला माणूस ठेवा.

तळोज्याचा_फिटर

उतरवण्याचा प्रश्न राहिला ना? हायड्रोलिकचं काम करतो, म्हणून लिहितो.

हौदा वर गेला की सगळं वजन उंच जातं. त्या वेळी एक चाक जरी मऊ भरावात चार बोटं रुतलं तरी ट्रॉली कुशीवर पडते. नर्सरीत रोज पाणी मारता, जमीन वरून कोरडी दिसते आणि आत लोणी असते. जिथे ओतायचं तिथे आदल्या दिवशी पाणी बंद करा, दोन फळ्या टाकून त्यावर चाकं घ्या. ट्रॅक्टर आणि ट्रॉली एका सरळ रेषेत, वाकड्यात उचलू नका. चाकांखाली लाकडी ठोकळे.

मागच्या फाळक्याचं खालचं लॉक आधी उघडायचं, मग हौदा उचलायचा. बरेच जण उलट करतात. माल फाळक्यावर दाबून बसतो, लॉक निघत नाही, मग कोणीतरी हातोडी घेऊन बरोबर मागे उभा राहतो. लॉक उघडताना बाजूला उभं राहा.

वर बघा. सहा फुटी हौदा उभा झाला की त्याचं पुढचं टोक जमिनीपासून नऊ फुटांच्या आसपास जातं. शेडनेटच्या तारा, मोटरची केबल, घरावर जाणारी वीज, सगळं त्या उंचीत असतं.

खडी सहसा चिकटत नाही, पण ग्रिट ओली असेल तर पुढच्या कोपऱ्यात बसून राहते. ट्रॅक्टर पुढेमागे झटके देऊन पाडायची नाही, त्यात सिलिंडरची पिन वाकते. खाली घ्या, फावड्याने मोकळी करा, परत उचला. उचललेल्या हौद्यात माणूस चढवायचा नाही. आणि उचललेल्या हौद्याखाली हात घालायची वेळ आलीच, तर आधी लोखंडी टेकू. पाइप फुटला तर हौदा सांगून खाली येत नाही. उतरवल्यावर हौदा पूर्ण बसला की नाही बघूनच ट्रॅक्टर हलवा.

पनवेलकर_७२

मुरबाडकर, तुमचं पटलं. आमच्याकडे सपाटी आहे म्हणून इतकी वर्षं निभावलं असेल.

नर्सरीवाली_शिळ

सगळ्यांचे मनापासून आभार. काट्यावर जाऊन आलो. रिकामी ट्रॉली ४०० नाही, ४७० निघाली. आमच्या ट्रॅक्टरला मग ३८० किलोच उरतात, त्यामुळे दीर आपसूक गप्प झाले. शेजारच्या गावातल्या काकांचा ५० एचपीचा ट्रॅक्टर ठरवलाय, वळणावर नेऊन बघितला, बसतो. चालवणार त्यांचाच माणूस. आमच्या ट्रॉलीची रेघ ११ इंचांवर मारून झाली आहे, पण तीव्र तुकडा बघून पहिल्या काही खेपा ८ इंचांवरच नेऊ.

एकच राहिलं. त्यांच्या ट्रॅक्टरला आपल्या ट्रॉलीचा हायड्रोलिक पाइप जोडताना काही बघायचं का?

तळोज्याचा_फिटर

कपलर (पाइप जोडायची तोंडं) एकाच मापाचे आहेत ना ते आधी बघा. नसतील तर अडॅप्टर मिळतो, पाइप कापून क्लॅम्प मारायचा उद्योग करू नका. जोडण्याआधी इंजिन बंद, लिव्हर दोन-तीनदा पुढेमागे करून दाब सोडा, दोन्ही तोंडं स्वच्छ फडक्याने पुसा. तुमच्या सिलिंडरमधलं जुनं तेल त्यांच्या ट्रॅक्टरमध्ये जाणार आहे, काळं झालं असेल तर आधी बदला, नाहीतर काका पुढच्या वेळी ट्रॅक्टर देणार नाहीत. मग रिकामा हौदा दोनदा पूर्ण वर-खाली करून बघा आणि ट्रॅक्टरच्या तेलाची काडी तपासा. गळती असेल तर तेव्हाच दिसेल.