मदत हवी आहे: एम.ए.ला क्लिनिकल घेऊ की समुपदेशन? (राहणार रत्नागिरीतच)

नमस्कार मंडळी. रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी खिडकीवर बसते. शिष्यवृत्ती, बोनाफाईड, एसटीच्या पासाचे फॉर्म, हे माझं काम. बी.ए. सायकॉलॉजी होऊन पाच वर्षं झाली, आता एम.ए. करायचंय आणि स्पेशलायझेशनवर गाडी अडलीय.

मागच्या वर्षी बारावीत एक विषय राहिलेला मुलगा तीनदा दाखला मागायला आला. तिसऱ्यांदा कळलं, दाखला त्याच्या पिशवीतच होता. निकालात आपलं कोकण बोर्ड दरवर्षी पहिलं, पेपरात कौतुक. पण आजूबाजूला सगळेच पास झाल्यावर एकट्या राहिलेल्याने तोंड कुठे लपवायचं? मी चहा पाजला. पुढे काय बोलायचं ते सुचेना.

मामा म्हणतो, क्लिनिकल घे, नावाला वजन असतं. आई म्हणते, मनोरुग्णालय गावातच आहे, नोकरी लागेल. (समुपदेशक म्हटलं की इथे सगळ्यांना तेच आठवतं, म्हणून तर पोरं समुपदेशकाच्या खोलीत जात नाहीत, माझ्या खिडकीवर येतात!) अमेरिकेतली मावसबहीण सांगते, तिकडे कॉलेजच्या मुलांसाठी काम करायचं वेगळं मास्टर्सच असतं. मला हवंय ते नेमकं तेच. इथे त्याच्या जवळचं काय? नोकरी सांभाळून जमेल?

दापोलीकर: मामांना सांगा, गुणपत्रिकेवर क्लिनिकल छापलं म्हणून कोणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. त्याला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) मान्यता असलेला कोर्स आणि नोंदणी लागते. आजाराचं निदान आणि उपचार करायचे असतील तर ती वाट धरा, नाहीतर समुपदेशन. शिवाय जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील त्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सोशल वर्कर हवा. तुमच्या प्राचार्यांना हे माहीत आहे का, विचारा.

सड्यावरची: बाय, नावापेक्षा तास बघ. अमेरिकेत सीएसीआरईपी (समुपदेशनाच्या कोर्सना मान्यता देणारी तिकडची संस्था) मान्यतेच्या कोर्सला १०० तास प्रॅक्टिकम, म्हणजे सुरुवातीचा सराव, आणि वर ६०० तास इंटर्नशिप असते, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली. इथे काही ठिकाणी एकही खरा माणूस समोर न बसता डिग्री हातात पडते. कुठलाही कोर्स घेणार असशील तर आधी एवढंच विचार, समोर किती माणसं बसवणार? आणि तोवर १४४१६ हा टेली-मानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा) नंबर खिडकीवर चिकटव. फुकट आहे.

धागाकर्ती: दोघांचे आभार. नंबर आजच लावला. एका ठिकाणी फोन करून तासांचं विचारलं. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, सर्टिफिकेट मिळेल ना, तास कशाला मोजताय?" ते नाव खोडलं. आता मुंबईतली दोन उरलीत. कोणी तिथे शिकलं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, शनिवार-रविवारची गाडी पकडून जमण्यासारखं आहे का?